मुलासाठी कम्प्युटर लावताना: सोलापुरातल्या पालकांचे नेहमीचे प्रश्न

आम्ही काही जण शनिवारी दुपारी सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, डाउन सिंड्रोम, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना घेऊन कम्प्युटरवर बसतो. आमच्यात एक कम्प्युटर दुरुस्त करणारा (मी), एक निवृत्त शिक्षिका आणि बाकी सगळे पालक. डॉक्टर कुणी नाही, थेरपिस्टही नाही. दर आठवड्याला नवं कुटुंब येतं आणि तेच प्रश्न नव्यानं विचारतं, म्हणून उत्तरं एकदा लिहून काढली. क्रम पालक विचारतात तोच ठेवलाय.

आमचं पोरगं धड बसत नाही, बोलत नाही. त्याला कम्प्युटर कशाला?

हे बहुतेक वेळा आजी विचारते, आणि रास्तच विचारते. उत्तर म्हणून एका मुलीबद्दल सांगतो.

सात वर्षांची, सेरेब्रल पाल्सी असलेली. दोन्ही हात ताठ, मूठ सहसा मिटलेली. भरवायचं दुसऱ्यानं, कूस बदलायची दुसऱ्यानं, पंखा लावायचा दुसऱ्यानं. तिच्या आईनं भाकरी थापतानाचा आवाज मोबाईलवर टिपून आणला, सोबत तव्यावर टम्म फुगलेल्या भाकरीचा फोटो. आम्ही दोन स्लाइड केल्या. पहिली नुसती काळी. दुसरीवर ती भाकरी आणि थप-थप-थप. मुलीसमोर बशीएवढं लाल बटण ठेवलं. बटण दाबलं की काळोख जाऊन भाकरी येते, एवढाच खेळ.

पहिल्या शनिवारी हात चुकून दोनदा पडला आणि दोन्ही वेळा ती दचकली. दुसऱ्या शनिवारी काहीच झालं नाही, आम्ही चहा पिऊन घरी गेलो. तिसऱ्या शनिवारी तिनं बटण दाबलं, थांबली, आईकडे पाहिलं, पुन्हा दाबलं. मग दाबतच राहिली. आई म्हणाली, "घरी रोज भाकऱ्या करते तेव्हा ढुंकून बघत नाही, इथं बघा कशी बघायली."

पण घरातली भाकरी तिच्या हातून होत नव्हती. ही झाली. "मी केलं म्हणून झालं" हे एकदा कळलं की पुढे निवडणं येतं, मागणं येतं, नको म्हणणंही येतं. अक्षरं, गणित वगैरे त्याच्या बरंच नंतर.

कितव्या वर्षापासून बसवायचं? आणि किती वेळ?

जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 साली लहान मुलांसाठी सल्ला दिलाय: दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको, दोन ते चार या वयात दिवसाला तासाभराहून जास्त नको. आम्ही पहिले काही आठवडे दहा-पंधरा मिनिटांवर जात नाही. ज्या मुलाला हात उचलायलाच सगळं अंग लावावं लागतं, ते दहा मिनिटांत घामाघूम होतं. रंगात आलंय असं वाटतानाच थांबवा. दमून रडायला लागल्यावर थांबवलं तर पुढच्या वेळी कम्प्युटर दिसला की रडणार.

मोबाईल आधीच सुटत नाही. त्यात हे आणखी कशाला?

मोबाईलवर व्हिडिओ आपोआप सुरू होतो, संपला की दुसरा लागतो. मुलानं काही केलं काय, न केलं काय, चित्र पळतच राहतं. आम्ही निवडतो ते सॉफ्टवेअर मूल काही करेपर्यंत गप्प बसतं. फरक एवढाच, पण सगळा त्यातच आहे. एखादं ॲप बरं की वाईट हे ठरवायला सोपी कसोटी आहे: मुलाचा हात बाजूला घ्या आणि मनात वीस आकडे मोजा. तेवढ्यात स्क्रीनवर गोंधळ चालूच राहिला तर ते ॲप आमच्या कामाचं नाही.

बाकी, मोबाईल सोडवणं हा वेगळा विषय आहे आणि त्यात आम्हीही पास झालेलो नाही.

कोणता कम्प्युटर घ्यायचा?

घरात असेल तो. काहीच नसेल तर कुणाचा तरी आठ-दहा वर्षं जुना. इथं सांगितलेली बहुतेक कामं त्यावर होतात. विंडोज चालेल, लिनक्सही चालेल. नवीनच घेणार असाल तर टचस्क्रीनचा विचार जरूर करा, कारण बोट जिथं लागतं तिथंच काहीतरी घडतं. माऊसमध्ये हात खाली टेबलावर फिरतो आणि बाण वर स्क्रीनवर पळतो. हा संबंध जोडणं आपल्याला सोपं वाटतं, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला ती मोठी उडी असते.

पैसे मशीनआधी खुर्चीवर घाला. पाय लोंबकळत असतील तर मुलाची निम्मी ताकद तोल सांभाळण्यात जाते आणि हाताला काही उरत नाही. पायाखाली जेवायचा पाट ठेवा, एक कमी पडला तर दोन. कोपर टेबलावर टेकलं पाहिजे. कंबर घसरत असेल तर सोलापुरी चादरीची गुंडाळी करून दोन्ही बाजूंनी लावा. ती जाडजूड असते आणि चपटी होत नाही. फिजिओथेरपिस्ट असतील तर बसवण्याची पद्धत त्यांनाच दाखवून घ्या. असं बसवल्यावर कधी कधी सॉफ्टवेअरचा प्रश्न आपोआप सुटलेला असतो.

माऊस हातात धरता येत नाही, धरला तर बाण सैरावैरा पळतो.

आधी फुकटचे उपाय करा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी असा भाग आहे (विंडोज 10 मध्ये त्याला ईज ऑफ ॲक्सेस म्हणतात). तिथं बाण चांगला मोठा करता येतो, काळा किंवा पिवळा करता येतो. माऊसच्या सेटिंगमध्ये बाणाचा वेग अगदी कमी करा. डेस्कटॉपवरचं फुलाफुलांचं चित्र काढून एकरंगी पार्श्वभूमी लावा, सगळे आयकॉन लपवा. सेरेब्रल पाल्सीच्या बऱ्याच मुलांना डोळे ठीक असूनही मेंदूच्या पातळीवर दिसण्याची अडचण असते. गर्दीत ठेवलेली वस्तू त्यांना वेगळी उमटत नाही.

उजवं बटण चुकून दाबलं जाऊन मेनू उघडत असेल तर त्या बटणाखाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवून ते दाबलंच जाणार नाही असं करा. आम्ही हेच करतो. बटण दाबून धरून ओढणं जमत नसेल तर क्लिकलॉक नावाची सोय चालू करा: बटण क्षणभर धरायचं आणि सोडायचं, कम्प्युटर ते धरलेलंच समजतो.

एवढ्यानं भागलं नाही तर ट्रॅकबॉल बघा. त्यात माऊस हलत नाही, वरचा गोळा फिरवायचा. तळहातानं फिरवला तरी चालतो, पायानं फिरवणारी मुलंही असतात. हात अजिबातच साथ देत नसतील आणि मानेवर ताबा असेल तर कॅमेऱ्यातून डोक्याची हालचाल टिपून बाण हलवणारी मोफत सॉफ्टवेअर आहेत: अमेरिकेतल्या बॉस्टन कॉलेजमध्ये तयार झालेलं कॅमेरा माऊस आणि दुसरं ई-व्हायाकॅम. यांत बाण एका जागी थोडा वेळ थांबला की क्लिक होतं. मात्र मान आपोआप झटके घेत असेल तर या वाटेला जाऊ नका, मूल वैतागतं.

कीबोर्डवर एका वेळी चार कळा दाबल्या जातात. एक दाबली तर "ककककक" येत राहतं.

यासाठी विंडोजमध्ये फिल्टर कीज आहे. उजवीकडची शिफ्ट आठ सेकंद दाबून धरली की ते चालू करायचं का असं विचारलं जातं. ते चालू असताना ओझरता लागलेला हात मोजला जात नाही आणि धरून ठेवलेल्या कळेची माळ लागत नाही.

दुसरी सोय स्टिकी कीज, शिफ्ट पाच वेळा दाबली की येते. मराठी टायपिंगला तिचं महत्त्व इंग्रजीहून जास्त आहे. इनस्क्रिप्ट नावाच्या मराठी कळमांडणीत क साधा मिळतो, पण ख त्याच कळेवर शिफ्ट धरून येतो. एका बोटानं टाइप करणाऱ्या मुलाला दोन कळा एकदम धरता येत नाहीत, म्हणजे त्याच्या मराठीतून खेळ, घर, खाऊ सगळंच गेलं. स्टिकी कीजमध्ये शिफ्ट आधी दाबून सोडायची, मग क दाबायचा, ख उमटतो.

बोटं घसरत असतील तर कीबोर्डवर भोकं पाडलेली जाड पट्टी बसवतात, तिला कीगार्ड म्हणतात. हात पट्टीवर टेकवायचा आणि बोट भोकातून खाली. अॅक्रिलिकची पाटी कापणाऱ्याकडून करून घेता येते. माप घ्यायला कीबोर्ड सोबतच न्या. आमचा पहिला कीगार्ड अर्ध्या कळेनं सरकलेला निघाला.

तुम्ही ते लाल बटण म्हणता ते काय असतं? कुठं मिळतं?

त्याला स्विच म्हणतात. शरीराचा जो भाग मुलाच्या ताब्यात आहे, मग तो तळहात असो, गुडघा, गाल किंवा टाच, त्यानं दाबायचं एकच मोठं बटण. बाहेरून मागवलेला तयार स्विच काही हजारांना पडतो. आम्ही घरी करतो.

एक चालू स्थितीतला जुना यूएसबी माऊस घ्या. खालचा स्क्रू काढून उघडा. डाव्या बटणाखाली छोटा काळा चौकोनी स्विच असतो, खालच्या बाजूला त्याचे पाय दिसतात. ज्या दोन पायांना वायर टेकवली की क्लिक होतं, तिथं दोन वायरी डाग देऊन (सोल्डर करून) बाहेर काढा आणि त्यांच्या टोकाला बटण जोडा. व्हिडिओ गेमच्या मशीनवर असतं तसं मोठं बटण उत्तम, साधं दारावरच्या बेलचं बटणही सुरुवातीला चालतं. बटण दाबलं की कम्प्युटरला वाटतं डावं क्लिक झालं. संपलं. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा कुणीही हे चहा निवायच्या आत करून देईल. बटणाच्या वायरी फक्त माऊसलाच जोडा, घरातल्या विजेच्या बोर्डाशी त्यांचा काही संबंध येता कामा नये.

खरी डोकेदुखी बटण जागेवर टिकवण्याची. मूल जोरात हाणतं आणि बटण टेबलाखाली जातं. यावर तोड काढली एका आजोबांनी, ज्यांचं आयुष्य कापड विणायच्या मागावर गेलं. त्यांनी बटण लाकडी फळीवर ठोकलं, फळीखाली रबराचा तुकडा चिकटवला आणि मागाचा जुना पट्टा टेबलाभोवती आवळून फळी बांधून टाकली. म्हणाले, "धोटा सुटून छातीवर येऊ नये म्हणून चाळीस वर्षं असंच बांधलंय." तेव्हापासून आमचे सगळे स्विच पट्ट्यानं बांधलेले असतात.

एका बटणावर जास्तीची कामं कशी करायची? त्याला स्कॅनिंग म्हणतात. स्क्रीनवरच्या चित्रांभोवती चौकट एकामागून एक फिरते, हवं त्या चित्रावर आली की बटण दाबायचं. अँड्रॉइड फोनमध्ये स्विच ॲक्सेस नावानं ही सोय आहे. चौकट सुरुवातीला गोगलगायीच्या गतीनं फिरवा. ज्यांना नेमक्या क्षणी दाबणंच अवघड जातं त्यांना दोन बटणं द्या: एकानं पुढं सरकायचं, दुसऱ्यानं निवडायचं. मग घाई कुणालाच नाही.

नेमकी कोणती सॉफ्टवेअर वापरता?

सगळ्यात जास्त वापरतो ते स्लाइड बनवायचं साधं सॉफ्टवेअर, पॉवरपॉइंट किंवा मोफत हवं तर लिबरऑफिस इंप्रेस. भाकरीचा खेळ त्यावरच केला होता. मुलाचे स्वतःचे फोटो, घरातले आवाज, दारातला कुत्रा हे विकतच्या कुठल्या पॅकेजात मिळणार?

त्यानंतर जीकॉम्प्री. 2000 सालापासून चालत आलेलं, पूर्ण मोफत, शंभराहून जास्त छोटे खेळ. त्यात माऊस नुसता फिरवला की वरचे चौकोन पुसले जाऊन खालचं चित्र दिसतं असा एक खेळ आहे, त्याचीच पुढची पायरी एका क्लिकची, तिच्यापुढची डबल क्लिकची. माऊस शिकवायला याहून चांगला जिना मी पाहिलेला नाही. चुकलं म्हणून कुणी ओरडत नाही, गुण कापले जात नाहीत.

चित्रं काढायला टक्स पेंट. तेही मोफत, मराठीतही चालतं. शिक्का मारला की आवाज येतो, जादूच्या ब्रशनं रेघोट्या मारल्या तरी काहीतरी छान होतं. याचं कॉन्फिगर नावाचं वेगळं छोटं सॉफ्टवेअर असतं, ते उघडून पाहिल्याशिवाय सोडू नका. बाहेर पडायचं बटण बंद करता येतं, माऊसचं कुठलंही बटण चालेल असं सांगता येतं, बटण धरून न ठेवता रेघ ओढता येते. आमच्याकडचा एक मुलगा दर शनिवारी पूर्ण स्क्रीन निळी करतो, एक कोपरा सोडून. तो कोपरा का सोडतो हे आम्हाला दोन वर्षांत कळलेलं नाही. विचारायचंही आता बंद केलंय.

विकतची "विशेष मुलांसाठी संपूर्ण पॅकेज" म्हणून येणारी सॉफ्टवेअर घेताना मुलाला सोबत न्या आणि त्याच्याकडून तिथंच चालवून घ्या. मी एकदा एका विक्रेत्याच्या शब्दावर पॅकेज घेतलं. दर बरोबर उत्तराला त्यात टाळ्यांचा एवढा कडकडाट व्हायचा की ऑटिझम असलेली दोन मुलं कानांवर हात घेऊन खोलीबाहेर पळाली. आवाज बंद करायची सोय नव्हती. सीडी अजून कपाटात आहे.

मुलगा बोलत नाही. चित्रांवर बोट ठेवून बोलायचं ॲप दिलं तर तो बोलायचा तो पण बोलणार नाही, असं सगळे म्हणतात.

सगळे म्हणतात खरं. पण 2006 साली या विषयावरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला, त्यात भक्कम पुरावा असलेली 27 उदाहरणं तपासली होती. एकाचंही बोलणं कमी झालं नव्हतं, आणि 89 टक्क्यांमध्ये वाढलं होतं. वाढ बहुधा थोडीच होती, म्हणून चमत्काराची आशा धरू नका. पण भीतीला आधार नाही.

मराठीत सुरुवात करायला जेलो आहे. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात तयार झालेलं, मोफत. मधे चित्रं आणि कडेला आवडतं, हो, अजून, आवडत नाही, नको, कमी अशी बटणं. भात दाबून "अजून" दाबलं की फोन तसं बोलून दाखवतो. दुसरं 'आवाज' नावाचं ॲप, चेन्नईत तयार झालेलं, ते विकतचं आहे पण आपली चित्रं नि शब्द भरायला त्यात भरपूर वाव आहे.

दोन चुका घरोघरी होतात. एक, ॲप फक्त अभ्यासाच्या वेळी बाहेर काढणं. तहान काय वेळापत्रक बघून लागते? फोन मुलाच्या हाताशी दिवसभर हवा. दुसरी, मुलानं दाबलेलं न ऐकणं. "नको" दाबल्यावरही घास तोंडात कोंबला तर ते बटण खोटं आहे हे मूल लगेच ओळखतं. आणि तुम्ही स्वतः बोलतानाही तीच चित्रं दाबत चला. "चल, आंघोळ" म्हणताना आंघोळीचं चित्र दाबा. आपण बोलतो म्हणून तर मुलं बोलायला शिकतात, मग चित्रांची भाषा त्यांना कोण बोलून दाखवणार?

घरी तेलुगू, आजोळी कन्नड, शाळेत मराठी. ॲप कुठल्या भाषेत लावू?

सोलापूर सोडून हा प्रश्न इतका क्वचितच विचारला जात असेल. आमच्याकडे तिसऱ्या-चौथ्या कुटुंबाचा तोच.

ज्या भाषेत मुलाला रागावता आणि ज्या भाषेत लाड करता, ती भाषा लावा. दोन भाषांनी मूल गोंधळेल म्हणून घरची बंद करा, असा सल्ला अजून कुठंकुठं दिला जातो; आम्ही तो देत नाही. आईनं स्वतःची भाषा टाकून मोडक्यातोडक्या मराठीत बोलायचं, तर मुलाच्या वाट्याला धड एकही भाषा येत नाही.

ॲपमध्ये आपला आवाज भरता येत असेल तर तोच भरा. एका घरी पाण्याच्या चित्रावर "नील्लु" भरलंय आईच्या आवाजात, शाळेच्या पानावर त्याच चित्राला "पाणी" भरलंय बाईंच्या आवाजात. चित्र एकच आहे, त्यामुळे मुलगा कुठं काय दाबायचं ते बिनचूक ओळखतो. मराठी घरातसुद्धा हे कामाला येतं. यंत्राचा आवाज म्हणतो, "तू काय करतो आहेस?" आमच्या पोरांच्या कानावर आयुष्यभर "काय करायलास?" पडलंय. पहिलं वाक्य त्यांना टीव्हीवरच्या बातम्यांसारखं वाटतं, ते मान वर करून बघतच नाहीत.

अक्षरं ओळखतो, पण कम्प्युटरवर आली की चुकतो. असं का?

एकदा फाँट तपासा. मराठीत आपण पाकळीचा ल आणि शेंडीफोड्या श गिरवतो. बऱ्याच फाँटमध्ये हिंदी वळणाचे देठाचा ल आणि गाठीचा श असतात. आपल्याला दोन्ही एकच. पण ज्या मुलानं सहा महिने एकाच वळणाचा ल गिरवलाय, त्याच्यासाठी दुसरा ल म्हणजे अनोळखी पाहुणा. पाटीवरचं, पुस्तकातलं आणि स्क्रीनवरचं अक्षर एकाच वळणाचं ठेवा.

दुसरी अडचण पहिल्या वेलांटीची. "कि" मध्ये ती क च्या आधी दिसते, पण इनस्क्रिप्टमध्ये टाइप करायची क च्या नंतर. डावीकडून जसं दिसतं तसं टाइप करणारं मूल इथं हटकून अडतं, आणि त्यात त्याची चूक काहीच नाही. सुरुवातीला पहिली वेलांटी नसलेले शब्द द्या: घर, आई, बाबा, गाडी. पहिल्या वेलांटीचे शब्द नंतर, आणि तेही सुट्या कळांऐवजी शब्द सुचवणाऱ्या मोबाईल कीबोर्डवर सोपे जातात. शब्दाच्या सुरुवातीची दोन अक्षरं दाबायची, वर आलेल्या तीनातून निवडायचं.

मुलीला ऑटिझम आहे. कम्प्युटर ती आमच्यापेक्षा छान चालवते. मग तुमच्याकडे यायचं कशाला?

येऊ नका, खुशाल घरी चालवू दे! फक्त एक गोष्ट करून बघा. जे पुढं घडणार आहे ते तिला आधी स्क्रीनवर दाखवा.

आमच्या शिक्षिकाबाईंनी एका मुलासाठी गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेची गोष्ट केली होती. संक्रांतीच्या आधी आठवडाभर, दहा स्लाइड. आपण रिक्षानं जाऊ. खूप माणसं असतील. नंदीध्वज उंच दिसतील. इथं मोठा आवाज येईल (आणि दाबलं की आवाज येतो, आधी बारीक, रोज थोडा वाढवलेला). आवाज नको वाटला तर हे कानाला लावायचं. पाळण्यात बसायचं किंवा नाही बसायचं, दोन्ही चालेल. मग घरी. शेवटच्या स्लाइडवर त्याच्या घराचं दार. तो रोज दोनदा ती गोष्ट बघायचा. जत्रेत जाऊन आला, शोभेच्या दारूकामाला मात्र थांबला नाही. सहाव्या स्लाइडवर "नको वाटलं तर घरी जाऊ" असं लिहिलं होतं, त्यानं वडिलांचा हात ओढून नेमकं तेच सांगितलं.

तसाच उपयोग दंतवैद्याकडे, केस कापायला, परगावच्या लग्नाला.

फीट येते. स्क्रीन चालेल का?

आधी डॉक्टरांना विचारा, आमचं ऐकू नका. झगमगाटानं फीट येण्याचा धोका सगळ्यांना नसतो, पण कुणाला आहे हे तपासूनच कळतं. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लुकलुकणारं काहीही टाळायचं, हा वेबसाइट बनवणाऱ्यांचा जगभरचा नियम आहे. तो घरीही पाळा. खोलीत उजेड ठेवा, अंधारात स्क्रीन नको.

मुलगा कीबोर्ड चाटतो, आपटतो.

वर पातळ प्लास्टिक गुंडाळा, स्वस्तातला कीबोर्ड ठेवा, बाकी वायरी टेबलामागं बांधा. लॅपटॉप असेल तर तो दूर ठेवून बाहेरचा कीबोर्ड जोडा.

सरकारकडून काही मिळतं का?

मिळतं, पण कागद आधी लागतो. यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं ओळखपत्र) स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, तपासणी नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयात होते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता हे सगळे त्यात येतात. बहुतेक सवलतींना 40 टक्क्यांची अट असते.

त्या कायद्याचं कलम 17 पालकांनी पाठच करावं. 40 टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्याला अठराव्या वर्षापर्यंत पुस्तकं, शिकण्याचं साहित्य आणि योग्य सहायक साधनं मोफत द्यायची जबाबदारी शासनावर आणि स्थानिक प्राधिकरणांवर आहे. शाळेत अर्ज देताना कलमाचा आकडा लिहा आणि पोचेवर शिक्का घ्या. तोंडी विचारलं की तोंडीच उत्तर मिळतं.

केंद्राच्या एडिप योजनेतून साधनं मिळतात, शिबिरं भरतात, बौद्धिक अक्षमतेसाठी शिकवण्याच्या साहित्याचे संचही असतात. नॅशनल ट्रस्टची निरामय आरोग्य विमा योजना ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी आहे, वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत. तिच्यात थेरपीचा खर्चही धरतात. रांगेत उभं राहावं लागतं, हेलपाटे होतात. आमच्यातल्या एका आईनं प्रमाणपत्रासाठी चार खेपा घातल्या, तिसऱ्या खेपेला नावातली वेलांटी चुकली म्हणून कागद परत आला. प्रत्येक कागदाच्या पाच झेरॉक्स आणि आधारवरचं स्पेलिंग, एवढं घरून निघताना तपासा.

यानं तो बरा होईल का?

नाही. ऑटिझम किंवा सेरेब्रल पाल्सी सॉफ्टवेअरनं जात नाही, आणि जाते असं सांगून पैसे मागणाऱ्याला दारातूनच वाटेला लावा. हात थोडा जास्त नेमका पडेल, कदाचित. दिवसभरात दोन-चार गोष्टी तो स्वतः ठरवेल, याची शक्यता चांगली आहे. कोणतं गाणं लावायचं हे तो सांगायला लागला की घरातल्या बाकीच्यांना मात्र तेच गाणं चाळीस वेळा ऐकावं लागतं, याची तयारी ठेवा.

पहिल्या दिवशी येताना काय आणायचं?

मुलाला आवडणाऱ्या तीन गोष्टींचे फोटो आणि दोन आवाज. महागाचं काही नको. आजवर सगळ्यात जास्त चाललेले आवाज म्हणजे कुकरची शिट्टी, आजोबांचा खोकला आणि रात्रपाळीहून येणाऱ्या बाबांच्या लुनाचा. उन्हाळ्यात दुपारी पाचनंतरच या, त्याआधी आमच्या खोलीचा पत्रा तापलेला असतो. मुलाचं जेवण झालेलं असू दे. चष्मा, कानाचं यंत्र असेल तर विसरू नका. पाट आमच्याकडे आहेत.